वरातीतील गाणे आणि विवाहाचा निर्णय : लोकप्रिय संगीतकार व तरुणांची विवाहविषयक दृष्टी

सारांश

लोकप्रिय संगीतामुळे तरुण पिढीची विवाहाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असे समर्थक आणि टीकाकार दोघेही गृहीत धरतात. प्रस्तुत लेखात अजय-अतुल यांचे 'सैराट'चे संगीत, छगन चौगुले यांचे खंडोबा-बानूच्या लग्नाचे गीत आणि नाशिक जिल्ह्यातील आंबेडकरी जलशांची परंपरा यांच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे. लोकप्रिय गीताने तरुणांना प्रेमाची भाषा दिली आणि विवाहसोहळ्याचे रूप पालटले. परंतु विवाहाचा निर्णय ज्या नियमांनी होतो, त्या नियमांना ते स्वबळावर स्पर्श करू शकले नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

लग्नसराईच्या दिवसांत देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यातील एखाद्या लॉन्ससमोर सायंकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर दोन गाणी बहुधा कानी पडतात. एक छगन चौगुले यांनी घरोघरी पोहोचविलेले 'खंडेरायाच्या लग्नाला बानू नवरी नटली' आणि दुसरे अजय-अतुल यांचे 'झिंगाट'. पहिल्यावर आत्या-मावश्यांपासून करवल्यांपर्यंत सर्वजणी नाचतात. दुसऱ्यावर नवरदेवाचे मित्र. या गाण्यांशिवाय वरात पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, इतकी ती रूढ झाली आहेत.

या दोन्ही गाण्यांत एक साम्य आहे आणि ते नाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पहिले गाणे एका आंतरजातीय विवाहाचे आहे. दुसरे ज्या चित्रपटातील आहे, त्यातील नायक-नायिकेचा आंतरजातीय विवाह केल्याबद्दल खून होतो. आणि ज्या वरातीत ही गाणी वाजतात, तेथील सोयरीक बहुतेक वेळा जात, पोटजात, कूळ आणि पत्रिका पाहूनच जुळविलेली असते. ही विसंगती केवळ गमतीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. लोकप्रिय संगीताचा तरुणांच्या मनावर नेमका कोणता परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडलेले आहे.

हा लेख सर्वेक्षणावर आधारलेला नाही. गीत, ते ज्या कलाकृतीत आले ती कलाकृती आणि ते जेथे वाजविले जाते ते स्थळ, या तिन्हींचे एकत्रित वाचन करणे हीच येथील पद्धती आहे. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. निर्माता संदेशात जो अर्थ भरतो, तोच अर्थ ग्राहक काढून घेईल असे नाही. ग्राहकाच्या सामाजिक स्थानानुसार अर्थ बदलतो. मराठी वरात हे या विचाराचे बोलके उदाहरण ठरावे.

बानूचे लग्न

देवळाली कॅम्प परिसरातील खंडोबाची टेकडी सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या देवाचे हे ठाणे, त्याची लोककथा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक दस्तऐवज आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'खंडोबा' या ग्रंथातून आणि गुंथर सोन्थायमर यांनी धनगर परंपरेच्या अभ्यासातून या दैवताची व्याप्ती दाखवून दिली. खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा ही वाण्याची लेक. दुसरी बानू अथवा बाणाई ही धनगराची. बानूसाठी देवाने वेष पालटून तिच्या बापाच्या घरी मेंढरे राखली, असे कथा सांगते. लोकपरंपरा त्याच्या आणखी बायकाही सांगते आणि त्याही शिंपी, माळी अशा निरनिराळ्या जातींतील आहेत. वेगवेगळ्या जातिसमूहांना एका दैवताभोवती सोयऱ्याच्या नात्याने बांधणारी ही रचना आहे.

वाघ्या-मुरळीच्या जागरणात ही कथा संपूर्ण येते. म्हाळसेचा राग, सवतींचे भांडण आणि जातीवरून दिलेले टोमणेही तेथे असतात. म्हणजे जुन्या लोकगायकाने आंतरजातीय विवाह साजरा करताना त्यातील ताण लपविला नव्हता. चौगुले हे याच परंपरेतील गायक. २०२० च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांचे गीत ध्वनिफितीतून आणि पुढे भ्रमणध्वनीतून वरातीत आले, तेव्हा कथेतील केवळ नटलेली नवरी उरली. म्हाळसा गेली, भांडण गेले, जातही गेली. आज या गाण्यावर नाचणाऱ्या मुलीला बानू कोणाची लेक होती, असे विचारले तर ती बहुधा उत्तर देऊ शकणार नाही. हा तिचा दोष नव्हे. गाणे तिच्यापर्यंत कथेपासून तुटूनच पोहोचले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ही कथा पुरुषदेवाच्या स्वातंत्र्याची आहे. देवाने जात ओलांडली म्हणून त्याच्या भक्तांच्या लेकींना ती मुभा मिळाली, असे कधी घडले नाही. आख्यानात जे चालते ते अंगणात चालत नाही, हा आपला जुना व्यवहार आहे. लोकप्रिय संगीताने तो निर्माण केला नाही. त्याने तो अधिक सुकर केला इतकेच.

'सैराट' : चार गाणी आणि एक शांतता

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि तोवर कोणत्याही मराठी चित्रपटाला न लाभलेले व्यावसायिक यश त्याला मिळाले. या यशात संगीताचा वाटा फार मोठा होता. 'जोगवा' या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेले अजय आणि अतुल गोगावले हे बंधू तोपर्यंत मराठी तरुणांचे सर्वांत लाडके संगीतकार झालेलेच होते. 'सैराट'साठी त्यांनी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले. करमाळ्याच्या शेतशिवारातील दोन कोवळ्या मुलांच्या ओढीमागे एवढा मोठा वाद्यवृंद उभा करणे ही केवळ श्रीमंती नव्हती. गावातील मासेमारी करणाऱ्याच्या पोराचे प्रेमही सिंफनीच्या योग्यतेचे असते, असे ते संगीत सांगत होते. मराठी चित्रपटसंगीतात ग्रामीण प्रेम प्रामुख्याने लावणीच्या शृंगारातून किंवा विनोदातून आले होते. त्याला इतक्या गांभीर्याने वागविले जाणे हे अजय-अतुल यांचे मोठे योगदान मानले पाहिजे.

तथापि समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चित्रपटातील चारही गाणी पूर्वार्धात आहेत. 'याड लागलं'मध्ये मुलाचे वेड, 'आताच बया का बावरलं'मध्ये मुलीच्या मनातील जागृती, 'सैराट झालं जी'मध्ये दोघांचे एकरूप होणे आणि अखेरीस 'झिंगाट'. हे चौथे गीत येते ते नायिकेच्या भावाच्या, म्हणजे गावातील सत्ताधारी पाटील घराण्याच्या वारसाच्या वाढदिवशी. सारे गाव नाचत असते आणि त्याच रात्री आर्ची व परश्या पकडले जातात. म्हणजे ज्या गाण्यावर आज वरात नाचते, ते मूळ कथेत पकडले जाण्याच्या क्षणाआधीचे गाणे आहे.

त्यानंतर गाणे नाही. हैदराबादची झोपडपट्टी, एका बाईने दिलेला आधार, कारखान्यातील काम, संशय, नवऱ्याने उगारलेला हात, ताटातूट, पुन्हा एकत्र येणे, नोंदणी पद्धतीने लग्न, मूल, स्वतःचे घर घेण्याची स्वप्ने, हे सारे गाण्याविना घडते. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांचा खून करून जातात. रक्तात पावले उमटवीत ते लहान मूल बाहेर येते, तेव्हा तर ध्वनीच काढून घेतला आहे.

ही रचना योगायोगाची नाही. प्रेमासाठी आपल्याकडे गाणे आहे. विवाहासाठी नाही, हे दिग्दर्शक आणि संगीतकार यांनी मिळून सांगितले आहे. प्रेमात पडण्याची भाषा लोकप्रिय संगीताने मुबलक पुरविली. पण विवाहानंतर येणारा संशय, पैशाची ओढाताण, आईवडिलांची आठवण आणि जातीची धास्ती यांना सूर मिळालेला नाही. 'सैराट'चे संगीत या त्रुटीची जाणीव बाळगते आणि म्हणूनच योग्य ठिकाणी थांबते. थांबणे हा त्या संगीताचा सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु शांतता वेगळी काढून विकता येत नाही, गाणी येतात. ध्वनिफिती, भ्रमणध्वनी आणि डीजे यांच्यामार्फत चार गाणी महाराष्ट्रभर गेली आणि शांतता चित्रपटगृहातच राहिली. २०१८ मध्ये 'धडक' या हिंदी रूपांतरात 'झिंगाट'ची चाल कायम राहिली, मात्र जातीचा प्रश्न बराच पुसट झाला. वरातीने जे केले, तेच मोठ्या भांडवलाने केले असे म्हणावे लागते.

परिणाम : भीती आणि वस्तुस्थिती

चित्रपट गाजत असतानाच त्याने शाळा-महाविद्यालयांतील मुले बिघडतील, मुली पळून जातील, अशी टीका झाली. उलट बाजूने, या चित्रपटाने जातीची भिंत हादरली असेही लिहिले गेले. दोन्ही पक्षांनी संगीताच्या सामर्थ्याविषयी एकच अतिरंजित कल्पना बाळगली होती.

वस्तुस्थिती अधिक कठोर आहे. २०११-१२ च्या भारत मानवी विकास सर्वेक्षणानुसार देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. तोवर हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांनी अनेक दशके प्रेमाचाच जयघोष केला होता. गाण्यांनी विवाहाचे नियम बदलत असते, तर हा आकडा केव्हाच वेगळा दिसला असता.

नाशिककरांना तर यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २०१३ च्या जूनमध्ये नाशिक शहरात आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीचा तिच्या पित्यानेच खून केला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचे पुढे आले आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्धची मोहीम नाशिकमधूनच हाती घेतली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे 'सैराट' प्रदर्शित झाला त्याच महिन्यात संमत केला. जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी प्रेमसंबंधाच्या कारणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. त्या खटल्याचा निकालही जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयातच लागला. 'झिंगाट' ज्या वर्षांत येथील प्रत्येक वरातीत वाजत होते, त्याच वर्षांत हा खटला येथे चालू होता.

मग संगीताने काहीच बदलले नाही काय? बदलले, पण वेगळ्या ठिकाणी. आज साखरपुड्यानंतर आणि लग्नापूर्वी वधूवरांचे चित्रीकरण करण्याची पद्धत रूढ झाली आहे. धरणाकाठी, द्राक्षबागेत, किल्ल्याच्या पायथ्याशी ही जोडपी प्रेमगीतावर अभिनय करतात. स्थळ वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असते, बैठकीत देण्याघेण्याची बोलणी झालेली असतात, पत्रिका जुळलेली असते. आणि हे सर्व झाल्यावर 'याड लागलं'च्या सुरांवर ते दोघे जणू नुकतेच एकमेकांना दिसले आहेत असे चित्रित केले जाते. ठरवून केलेल्या लग्नाला प्रेमविवाहाचा पोशाख चढविण्याचे हे काम लोकप्रिय संगीत करते. तरुणांना प्रेम हवे आहे, हे यातून स्पष्ट होते. त्याची किंमत मोजावी लागू नये, हीही त्यांची इच्छा आहे आणि ती समजण्यासारखी आहे. आधी मान्यता, मग प्रेम, असा क्रम यातून तयार झाला. हा बदल अगदीच नगण्य नाही. वधूवरांनी एकमेकांशी बोलावे, फिरावे, पसंती-नापसंती सांगावी, ही अपेक्षा आता सर्वसामान्य घरांतही आली आहे. पण कोणाशी, हा प्रश्न मात्र जुन्याच हाती राहिला.

याच मातीतील दुसरी परंपरा

संगीत विवाहाला स्पर्श करू शकत नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केल्यानंतर पुरोहिताविना विवाह लावण्यास प्रारंभ झाला. पुढे त्यांनी या विवाहासाठी स्वतः मंगलाष्टके रचली. त्यांचे वेगळेपण असे, की त्यात वधू आणि वर एकमेकांना उद्देशून बोलतात. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटण्याची ग्वाही वराच्या तोंडी आहे. येथे गाणे वरातीत नाही, तर प्रतिज्ञेच्या जागी आहे. ते म्हटल्यावाचून विवाहच लागत नाही. नाचून विसरून जाण्याची सोय त्यात नाही.

ही परंपरा जलशांतून पुढे गेली. नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांच्या जलशाने काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या (१९३०) काळात आणि त्यानंतर गावोगाव जागृती केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या जलशाचे मोल आपल्या अनेक सभांहून अधिक मानल्याची आठवण प्रसिद्ध आहे. कर्डकांनी पुढे जलशांच्या स्वरूपाविषयी आणि कार्याविषयी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. देवळालीपासून जवळच असलेल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे जन्मगाव. प्रौढपणी अक्षरे शिकलेल्या या कवी-गायकाने महाराष्ट्रभर हिंडून आंबेडकरी विचार गाण्यातून पोहोचविला. हळदीच्या रात्री गायनपार्टी बोलावण्याची जी प्रथा आंबेडकरी वस्त्यांत रुजली, तीत करमणूक आणि प्रबोधन यांची फारकत नव्हती. लग्नघरातच माणसाच्या समतेविषयी गायिले जात असे.

या गीतांचा परिणाम झाला, कारण ती एकटी नव्हती. त्यांच्यामागे चळवळ होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर पर्यायी विवाहविधीही होता. गाण्याने पटलेली गोष्ट आचरणात आणण्यासाठी माणसाला उभे राहायला जागा होती. अर्थात या यशालाही मर्यादा आहेत. आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न होऊ शकलेल्या भाषणात मांडले होते. विधी बदलला, पुरोहित गेला, हुंड्याविरुद्ध बोलले गेले. परंतु सोयरिकीची सीमा तेथेही बहुतांशी टिकून राहिली.

या तुलनेचा उद्देश जुने ते थोर आणि नवे ते उथळ असा निवाडा देण्याचा नाही. अजय-अतुल यांच्याकडून जलशाचे कार्य अपेक्षिणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपले काम, म्हणजे भावनेला प्रतिष्ठा देण्याचे काम, उत्तम रीतीने केले आहे. प्रश्न असा की, जागी झालेली ही भावना घेऊन तरुणाने जायचे कोठे? जलशाच्या श्रोत्याला चळवळ होती. 'सैराट'च्या श्रोत्याला डीजे आहे आणि रात्री १० वाजता तोही बंद होतो. ध्वनिवर्धकाच्या पातळीविषयी २००० साली नियम झाले. गाण्यात काय आहे आणि काय गळून गेले आहे, हे पाहण्याचे काम नियमांचे नाही. ते समीक्षेचे आणि अध्यापनाचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निदर्शनास येतात. पहिली, लोकप्रिय संगीतकारांचा तरुणांवरील प्रभाव खरा आहे, पण तो प्रेमाच्या भाषेवर आणि सोहळ्याच्या रूपावर आहे. सोयरिकीच्या नियमांवर नाही. दुसरी, गाणे कथेपासून तोडले गेले की त्यातील विरोध नाहीसा होतो, आणि जे गाणे रूढीविरुद्ध जन्मले ते रूढीच्याच मिरवणुकीत सामील होते. तिसरी, ज्या गीतपरंपरेने विवाहाला खरोखर स्पर्श केला, तिच्यामागे संस्था, विधी आणि माणसांचा आधार होता.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या वर्गात बसलेली मुले-मुली विवाहाच्या निर्णयाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना ही गाणी तोंडपाठ आहेत. मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. आंतरजातीय विवाहासाठी राज्य शासनाचे अर्थसाहाय्य असून २०१० पासून त्याची रक्कम ५० हजार रुपये करण्यात आली, किंवा सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जातपंचायतीसारख्या समूहांनी हस्तक्षेप करणे बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केले, ही माहितीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कोणाला कोणाशी विवाह करावा हे सांगणे अध्यापकाचे काम नव्हे. परंतु निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हा विद्यार्थ्यापाशी केवळ गाणे असू नये, एवढी जबाबदारी आपण टाळू शकत नाही.

त्याची सुरुवात अभ्यासक्रमातूनच करता येण्यासारखी आहे. लोकसाहित्य शिकविताना बानूचे गाणे म्हाळसेच्या रागासह शिकवावे. चित्रपटाचा अभ्यास करताना 'सैराट'ची चार गाणी ऐकवावीत आणि त्यानंतर उत्तरार्धही दाखवावा, विशेषतः ते शेवटचे निःशब्द दृश्य. फुल्यांची मंगलाष्टके एकोणिसाव्या शतकातील वाङ्मयाचा नमुना म्हणून न वाचता आजच्या वधूवरांच्या संदर्भात वाचावीत. असे केल्याने वराती थांबणार नाहीत आणि थांबण्याचे कारणही नाही. आनंदाच्या प्रसंगी माणसे नाचणारच. मात्र आपण ज्या गाण्यावर नाचतो आहोत, ते कोणाच्या लग्नाचे आणि कोणाच्या मरणाचे आहे, हे ठाऊक असलेली काही मुले तरी त्या गर्दीत असतील.